नायटा म्हणाली माऊ

आपल्या भाषेत खाज हा चेष्टेचा विषय आहे. कुणी नको तिथे नाक खुपसलं की म्हणायचं, "हिला भारी खाज." मला हे उठता-बसता ऐकवतात. ऐकवू देत. आया, भांडीवाल्या, झाडूवाल्या यांची संघटना चालवायची म्हणजे रोज कुणाच्या तरी दारात जाऊन भांडायचं, आणि भांडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? पण खरी खाज, कातडीची, जिच्या अंगात आयुष्यभर मुक्कामाला आहे तिच्यासमोर हा विनोद झाला की काय होतं ते मी पाहिलंय. माऊ हसायची. हसता हसता कोपराच्या आतली जागा बाहीवरूनच दाबून धरायची. खाजवायची नाही. नुसती दाबायची. खाजवायचं नाही हे ती वयाच्या पन्नाशीला शिकत होती.

माऊ पाळणाघरात आया होती. 'मावशी' म्हणता न येणाऱ्या पोरांनी तिला माऊ केली, मग पोरांच्या आईबापांनी, मग दूधवाल्याने, मग आम्ही सगळ्यांनी. पाळणाघर एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर होतं. पुढच्या खोलीत रांगणारी आणि धडपडणारी, मधल्या खोलीत पाळणे, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. माऊचा दिवस मागेच जास्त जायचा. दुधाच्या बाटल्या उकळायच्या, लंगोट धुवायचे, पोरांची ढुंगणं धुवायची, फिनेलच्या पाण्याने फरशी पुसायची, आणि प्रत्येक पोर उचलायच्या आधी साबणाने हात धुवायचे. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचा तसा नियम होता. नियम बरोबरच होता. तो पाळणारे हात कसे आहेत ते मात्र कुणी बघितलं नव्हतं.

ते हात मी सांगते. बोटांच्या पेरांवर भेगा, थंडीत त्यांतून रक्त यायचं. मनगटावर कातडी जाड, काळपट, चुरगळलेल्या पिशवीसारखी. कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे लालभडक. उन्हाळ्यात घाम आला की तिथे मिरची लावल्यासारखं व्हायचं. लहानपणापासूनचं दुखणं. तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, मानेवरही तेच होतं, शिवाय दमा. अप्पा शिंपी. डोळे गेले तसं दुकान सुटलं, पण मशीन त्यांनी घरात खिडकीपाशी ठेवलं होतं आणि जीभही शाबूत होती. म्हणायचे, "आमच्या घराण्यात जमीन नाही, जुमला नाही. नायटा तेवढा वडिलोपार्जित. सगळा पोरीच्या नावे केला."

नायटा! त्या घरात अंगावर लाल, खाजरं काहीही उठलं की त्याला हा एकच शब्द. आणि तो चुकीचा. नायटा बुरशीचा असतो, गोल गोल पसरतो, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. माऊला होतं ते इसब. इसब कुणाला लागत नाही. जन्मतःच कातडी अशी कोरडी की तिच्यात ओल टिकत नाही, जरा काही झालं की चिडते, आणि हे असं घराण्यात चालत येतं. म्हणजे 'वडिलोपार्जित' एवढं अप्पांचं खरं होतं. शब्द तेवढा दुसऱ्याच रोगाचा होता.

त्या शब्दाने पहिला दगा औषधाच्या दुकानात दिला. माऊ काउंटरवर जाऊन म्हणायची, "नायट्याची ट्यूब द्या." दुकानदार विचारणार कशाला? ट्यूब लावली की चार दिवस कातडी गुळगुळीत. सोडली की दुप्पट आग. मग पुन्हा ट्यूब. वर्षानुवर्षं हे चाललं. कोपराच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झाली, खालच्या शिरा दिसायला लागल्या. मधेमधे शेजारणींचे उपाय. एकीने लिंबू चोळायला सांगितलं, दुसरीने लसूण वाटून बांधायला. "झाडाचं आहे, अपाय होत नाही," म्हणे. लसणाने फोड आले. झाडाचं असलं म्हणजे निमूटच असतं हे कुणी ठरवलं?

एकदा संघटनेच्या बैठकीत तिने हात टेबलाखाली लपवलेला मी बघितला. ओढून बाहेर काढला. तो बघून माझं डोकं फिरलं.

"हे घेऊन तू फिनेलमध्ये हात घालतेस?"

"मग काय पायाने पुसू?"

"डॉक्टरकडे चल."

"पुढारीणबाई, तुमच्या मोर्चाला येते, तेवढं पुरे करा की."

शेवटी नेलीच. सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टर एक तरुण मुलगी होती, गर्दीने कावलेली, पण तिने माऊचे हात स्वतःच्या हातात घेतले, हातमोजे न घालता, आणि उजेडाकडे फिरवून बघितले. इतक्या वर्षांत असं कुणी धरलंच नव्हतं.

"इसब आहे, मावशी. एक्झिमा."

"म्हणजे नायटाच ना?"

"नाही हो. नायटा वेगळा. तो लागतो, हा लागत नाही. ती नायट्याची ट्यूब आजपासून बंद, तिच्यातल्या स्टेरॉइडनेच कातडी एवढी पातळ झालीय. बंद केली की सुरुवातीला जास्त पेटेल, घाबरू नका. तेवढी आग विझवायला मी दुसरं मलम देते, सांगेन तेवढेच दिवस लावायचं. बाकी सगळं रोजच्या निगेवर."

"बरं, पण मुळापासून कधी जाईल?"

"जाईल असं मी नाही सांगणार. सांभाळायचं. शांत राहील, मधेच उठेल, पुन्हा शांत करायचं."

बाहेर आल्यावर माऊ मला म्हणाली, "कसली डॉक्टर! बरं करणार नाही असं तोंडावर सांगते!"

पण ऐकलं तिने सगळं. माऊचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे कढत पाणी. कढत पाण्याचा तांब्या कोपरावर ओतला की खाज अशी मरायची, म्हणायची, की डोळ्यांपुढे तारे यायचे. ते सुख सोडायचं होतं. कोमट पाणी, तेही झटपट. वासाचा साबण बंद. पंच्याने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं पांढरं मलम भरपूर चोपडायचं. नखं बोटाच्या बाहेर दिसता कामा नयेत. लोकरीचं पांघरूण नको, सुती चादर. दूध सोड, अंडी सोड, वांगं सोड असं शेजारणी सांगत होत्या. डॉक्टरीण म्हणाली, खाऊन त्रास होतो असं स्वतः पाहिलंय का? नाही ना? मग जेवा पोटभर. आणि कामावर पाण्यात हात घालायचा तो रबरी हातमोज्यात, पण आतून सुती मोजा पाहिजे, नाहीतर घामाने आणखी चिघळेल.

आतले सुती मोजे कुठे मिळेनात. अप्पांनी जुनी चादर मागितली. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. माऊचा पंजा कागदावर ठेवून त्यांनी बोटांनी चाचपत कडेने पेन्सिल फिरवली.

"अप्पा, गुदगुल्या होतात."

"गप. लहानपणी फ्रॉकचं माप घेतानाही अशीच वळवळायचीस."

पहिल्या जोडीत अंगठा भलत्याच जागी आला. दुसरी जमली. पाळणाघरात बाकीच्या आयांनी तिचं नाव ठेवलं 'हातमोजेराणी'. "राणीसाहेब, तेवढा पातेल्याला हात लावता का?" माऊ पण ताठ मानेने म्हणायची, "दासींनो, विसळून आणा."

ट्यूब सोडल्यावरचे आठवडे वाईट गेले. हात सुजले, पाणी सुटलं, रात्री झोप नाही. मग हळूहळू आग बसली. मनगटाची कातडी मऊ होत चालली. बोटांच्या भेगा मिटल्या. कोपरांच्या आत अजून लाली होती, पण ती भडक नव्हती. खाज आली की दाबायचं, थंड ओलं फडकं ठेवायचं, हे तिला जमायला लागलं होतं.

त्याच काळात ठमी आली. खरं नाव मोठं भारदस्त होतं, पण गाल असे की माऊने पहिल्याच दिवशी ठमी केली. ठमी कुणाच्या पाळण्यात झोपायची नाही, कुणाच्या बाटलीने प्यायची नाही. माऊच्या खांद्यावर डोकं टाकलं की दोन मिनिटांत आडवी. माऊला स्वतःचं मूल नव्हतं. लग्न मोडून ती कधीच बापाकडे परत आली होती, आणि त्यावर ती बोलत नसे. पाळणाघरातून किती पोरं येऊन गेली. ती शाळेत जायला लागली की रस्त्यात ओळखही द्यायची नाहीत, आणि माऊ त्याचं वाईटही वाटून घ्यायची नाही. ठमीचं मात्र वेगळं झालं. का ते मला सांगता येत नाही. मला एवढंच दिसलं की माऊ सुट्टीच्या दिवशी कंटाळायला लागली.

ठमीचे गाल खरबरीत होते, लालसर, चिरा पडलेले. दात येताहेत, लाळेने होतं, असं सगळे म्हणत होते.

एका संध्याकाळी ठमीची आई न्यायला आली. ऑफिसातून थेट, दमलेली. माऊ मोरीत बाह्या वर करून टब धूत होती. ठमी घरी निघाली म्हणून मोजे काढून, हात पुसून पुढे आली, आणि बाह्या खाली करायच्या राहिल्या. ठमीच्या आईने कोपर बघितलं.

"अगंबाई, माऊ, हे काय झालंय?"

चौकशी आपुलकीची होती. माऊलाही बरं वाटलं. आता तिला 'एक्झिमा' म्हणायचं होतं, पण तो शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता. 'इसब' म्हटलं की हिशेब म्हटल्यासारखं वाटतं, असं ती मला म्हणाली होती. मग घरातला, सवयीचा, बापाच्या थट्टेतला शब्द आपोआप आला.

"काही नाही हो. आमच्या घरचा जुना नायटा."

आणि हसली.

ठमीच्या आईने ठमीच्या गालांकडे बघितलं. मग माऊच्या खांद्याकडे, जिथे ते गाल दिवसभर टेकलेले असायचे. मूल घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे चार पालक उभे. नायटा झालेली बाई आमच्या पोरांना उचलते? माऊला पुढच्या खोलीत यायला सांगितलं नाही. चपला घालून घरी जायला सांगितलं.

मी गेले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता ते मला पटतंय. इसब असेल."

"असेल नाही, आहे! डॉक्टरने सांगितलंय."

"पण नायटा मी म्हटलं नाही, पालकांनीही म्हटलं नाही. माऊ स्वतः म्हणाली. आता मी पालकांना काय सांगू, तिला स्वतःचा आजार माहीत नाही?"

यावरचं उत्तर मला फाटकाबाहेर पडल्यावर सुचलं, पण तेव्हा उपयोग काय? ते असं होतं: हो, नाही माहीत. गरिबाला आजाराचं नाव कुणी नीट सांगितलेलं असतं?

माऊ घरी बसली. आणि वाईट गंमत अशी, की हात झरझर बरे व्हायला लागले. पाणी नाही, साबण नाही, फिनेल नाही. डॉक्टरीण तपासून म्हणाली, "वा, मावशी, छान निगा राखलीत." माऊ हो म्हणाली. घरी आल्यावर अप्पांनी तिचे तळवे चाचपले. "लोण्यासारखे झाले की गं! आता बाहेर मिरव." ते लोण्यासारखे हात मांडीवर ठेवून ती खिडकीपाशी बसायची. भाजी आणायला लांबच्या रस्त्याने जायची, पाळणाघराची गल्ली टाळून.

"चल ना, ठमीला बघून ये," मी म्हटलं.

"कशाला? तिला वाटेल मी घ्यायला आले."

इकडे माऊ नसतानाही ठमीचे गाल चिघळतच गेले. मग कोपरांच्या आतही उठलं. तिच्या आईने मोठ्या डॉक्टरकडे नेलं. इसब. घरात कुणाला दमा आहे का? ठमीच्या बाबांना होता. कुणाकडून लागलेलं नाही, डॉक्टर म्हणाले, असं लागतच नाही.

ठमीच्या आईचं मी एक मानते. ती गप्प बसू शकली असती. ती दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेली आणि म्हणाली, माझी चूक झाली, माऊला बोलवा. बाईंनी बोलावलं. पण बाकीच्या पालकांच्या डोक्यातून तो शब्द गेला नव्हता. त्यांनी अट घातली. रोज सकाळी फाटकात माऊने बाह्या वर करून हात दाखवायचे. स्वच्छ असले तरच आत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाजारात गुरांचे दात बघतात तसं? तू जाणार नाहीस!"

"बघू देत की," माऊ म्हणाली. "हात चांगले आहेत माझे. चांगले हात दाखवायला कसली लाज?"

ती गेली. रोज सकाळी फाटकात बाह्या वर, हात पुढे, आधी पाठ, मग तळवे, मग कोपराची आतली बाजू. कुणी आई नीट वाकून बघायची, कुणी ओशाळून नुसतं "जा, जा" म्हणायची. बाईंनी फिनेल आणि लंगोट दुसऱ्या आयेला दिले, माऊकडे मधली खोली. ठमीने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, रुसून. जेवणाच्या वेळेपर्यंत खांद्यावर. ते दिवस चांगले होते. ते मी उगाच काळे करणार नाही.

मग थंडी पडली आणि अप्पांचा दमा वाढला. दवाखाना, वाफ, पुन्हा दवाखाना. माऊ रात्र रात्र त्यांना उठवून बसवायची, थुंकीची भांडी धुवायची, चादरी धुवायची. मोजे चढवायला वेळ कुणाला? एकदा अप्पांनीच तिला दम खात खात विचारलं, "मलम लावलंस का?" आणि तिने लावलं म्हणून सांगितलं. अप्पा गेले. ती रडली नाही. चार दिवस कढत पाण्याने अंघोळ करत राहिली, लालेलाल होईपर्यंत. मी दार वाजवत होते आणि आत पाणी ओतल्याचा आवाज.

अप्पांसाठी घेतलेली सुट्टी संपली त्या सकाळी मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटणं लावलेला कपडा तिने घातला होता. मला माहीत होतं आत काय आहे. आदल्याच दिवशी मलम मीच लावलं होतं. मी मनातल्या मनात भाषण तयार ठेवलं होतं, इसब म्हणजे काय, लागत का नाही. कुणी तोंड उघडायचाच अवकाश.

फाटकात त्या दिवशी ठमीचीच आई होती. ती म्हणाली, "माऊ, वडिलांचं कळलं. फार वाईट झालं." दाखवा म्हणाली नाही. मागे अजून दोघी उभ्या होत्या. त्याही काही म्हणाल्या नाहीत. फक्त थांबल्या होत्या.

माऊने बटणाला हात घातला. काढला. मग म्हणाली, "आज नाही जमणार. बाईंना सांगा." आणि वळली.

मी तिच्यामागे धावले. "अगं, लागत नाही ते! तुला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, ठमीला स्वतःला आहे!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"बरे असतात तेव्हा दाखवते मी. हे असे नाही दाखवणार." थोडं चालल्यावर म्हणाली, "अजून वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा उठेल. पुन्हा बसेल. दर वेळी फाटकात उभं राहून समजावून सांगायचं? बाप मेला म्हणून झालंय हो, असं सांगायचं?"

मी बाईंशी भांडायला गेले. बाई म्हणाल्या, "मी तिला नाही म्हटलंच नाही. तिने हात दाखवलेच नाहीत." आणि ते खरं होतं. जिच्याशी भांडावं असं त्या दिवशी कुणीच सापडेना मला.

माऊ आता इस्त्रीच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. कोरडं काम. सकाळी कोमट पाणी, मग मलम, सुती बाह्या. मधे मधे उठतं, ती शांत करते. मालक म्हणतो, अशी घडी कुणाची नाही.

परवा बाजारात ठमी भेटली. आता तुरुतुरु चालते. गाल नितळ झालेत. आईचं बोट सोडून धावत आली आणि माऊपुढे दोन्ही हात वर करून उभी राहिली. तिची आई मागून म्हणाली, "घ्या ना तिला, माऊ. घ्या."

"नको हो," माऊ म्हणाली, "हातात पिशवी आहे."

पिशवी माझ्या हातात होती.